जेवणाच्या सुट्टीतलं मासिक

शफीभाई मुलाण्यांना काळजी करायला कारण लागत नसे. मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर ते शोधून काढत. सकाळी कासारवाडीहून सायकलवर टांग मारली की शंभर पावलांवर त्यांना घराच्या कुलपाची आठवण होई. घरात बायको, ताजुन्निसा, भाकरी थापत बसलेली असे; कुलपाचा प्रश्नच नसे. तरी आठवण व्हायची ती व्हायचीच. भोसरीच्या कारखान्यात ते बासष्ट साली टूल स्टोअरच्या खिडकीत बसले आणि चौऱ्याहत्तर साल उजाडलं तरी तिथेच होते. काम सोपं होतं. कामगार आला की त्याला हवं ते ड्रिल किंवा मापाचं गेज द्यायचं, त्याचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून ठेवायचा, वस्तू परत आली की बिल्ला परत करायचा. बारा वर्षांत एकच गेज हरवलं होतं आणि तेही दुसऱ्या दिवशी सापडलं. पण त्या एका दिवसात आपलं वजन कसं उतरलं हे ते अजून सांगत.

अशा माणसाला एक गोष्ट मात्र न घाबरता करता येत असे, ती म्हणजे वाचन. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज खणखणीत. बोलताना दहा वेळा अडखळणारा हा माणूस छापील कागद हातात आला की निराळाच होऊन जाई. वाक्य कुठे उचलायचं, कुठे टेकवायचं हे त्यांना उपजत कळे. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या कडुनिंबाखाली पंचवीस-तीस माणसं डबे घेऊन बसत आणि शफीभाई पेपर वाचत. त्यातल्या निम्म्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. ज्यांना येत होतं तेही स्वतः वाचायच्या ऐवजी ऐकतच बसत, कारण शफीभाईंच्या तोंडून आलं की बातमी खरी वाटे.

या वाचनाला एक नियम होता. तो दिघीच्या साहेबरावांनी घातला होता. साहेबराव भट्टीवरचे जुने कामगार, गावात वर्षानुवर्षं पोथी ऐकलेले. शफीभाईंनी एकदा घाईत चार ओळी सोडल्या तशी त्यांनी भाकरीचा हात वर केला.

"मधलं गाळायचं न्हाई, शफीभाई. पोथी लावल्यावर कुनी अध्याय गाळतं का? लागल ते समदं वाचायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून शफीभाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, छापखान्याचा पत्ता धरून, सगळं वाचू लागले.

त्या वर्षी कामगार कल्याण समितीनं ठरवलं की वाचनासाठी एखादं मासिक लावायचं. कुठलं, यावर फार वाद झाला नाही. तरुणांना छाती हवी होती, म्हाताऱ्यांना गुडघे हवे होते, मधल्यांना पोट साफ हवं होतं. म्हणजे आरोग्याचंच मासिक हवं. वर्गणी एकाचीच भरता येणार होती आणि निवड, अर्थातच, शफीभाईंवर सोपवण्यात आली. बिचाऱ्यांची आठ दिवस झोप उडाली.

कासारवाडी स्टेशनाबाहेर पेपरचा स्टॉल चालवणारा अन्वर हा त्यांचा चुलतभाऊ. त्यानं तीन मासिकांचे नमुना अंक आणून दिले. एक योगासनांचं, पण त्यातली भाषा इतकी जड की साहेबरावांना दर ओळीला अर्थ विचारावा लागला असता. दुसरं जाडजूड, कव्हरवर तेल लावलेला पहिलवान, आत सूर्यनमस्कार, दुधाचे गुण, लसणाचे गुण, वाचकांचे अनुभव आणि पानोपानी चित्रं. तिसरं करड्या कव्हराचं, बारीक टायपाचं. त्यात सबंध अंकात एक चित्र होतं आणि तेही माशीचं. कुणी डॉक्टर मंडळी मिळून ते काढत असत. त्यातलं एक वाक्य म्हणून छातीठोक नव्हतं. 'बहुधा', 'कित्येकदा', 'सर्वांनाच लागू पडेल असे नाही', 'डॉक्टरांना विचारावे'. शफीभाईंनी दोन पानं वाचली आणि त्यांना वाटलं, हे तर माझ्यासारखंच बोलतंय. घाबरट माणसाला ऐकणार कोण? त्यांनी करडं मासिक ताजुन्निसाला दिलं, तिनं ते फळीवर डब्यांखाली अंथरलं, आणि पहिलवानाची वर्गणी भरली गेली.

पहिले सहा महिने पहिलवानानं कडुनिंबाखाली नुसती धमाल उडवली. माणसं लसूण चावू लागली, कुणी जोर काढू लागलं, साहेबराव सकाळी उठून कोमट पाणी पिऊ लागले आणि त्याचे परिणाम सगळ्यांना सविस्तर सांगू लागले. शफीभाई नियमाप्रमाणे सगळं वाचत. लेख संपला की खालची जाहिरात, जाहिरात संपली की पुढचा लेख. त्याच आवाजात, त्याच ठेक्यात. शेवटच्या पानावर अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असे, 'जाहिरातींतील मजकुरास संपादक जबाबदार नाहीत.' तीसुद्धा ते वाचत. पण तोवर भोंगा झालेला असे आणि माणसं डबे आवळत उठलेली असत.

त्या माणसांत कुरुळीचा गेनू होता. घरची थोडी जमीन, दोघे भाऊ शेतात, हा कारखान्यात हेल्पर. गेनूला क्षय झाला होता. ही गोष्ट कारखान्यात साहेबांखेरीज एकट्या शफीभाईंना ठाऊक होती, कारण दवाखान्याचे कागद गेनू त्यांच्याकडूनच वाचून घेई. डॉक्टरांनी काही महिने घरी बसवलं, मग हलक्या कामावर जायला परवानगी दिली, पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुई आणि रोजच्या गोळ्या असं दीड वर्ष चालू ठेवायला बजावलं होतं. सात महिने गेनूनं एकही वार चुकवला नाही. दुपारी बिल्ला परत घ्यायला खिडकीशी आला की म्हणे, "चाललो बरं का, टोचून घ्यायला."

पावसाळ्यात गेनूची दोन-अडीच महिन्यांसाठी सेकंड शिफ्ट लागली आणि दोघांची गाठ पडेनाशी झाली. दिवाळीनंतर तो परत फर्स्ट शिफ्टला आला. आणि एका शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, खिडकीशी येऊन त्यानं गेज मागितलं.

शफीभाईंचा हात खिळ्यापाशीच थांबला. "गेनू, आज शुक्रवार ना?"

"व्हय."

"मग सुई?"

गेनू हसला. "ती बंद केली की. सवा दोन महिनं झालं. चूर्ण घेतोय न्हवं का. गजबल चूर्ण."

"कसलं चूर्ण?"

"आता तुमीच इसरलासा व्हय? तुमीच तर वाचलंत. जुनाट खोकला, छातीचे समदे विकार, क्षय. सुया टोचून सरीराची चाळण करून घेऊ नका, एकवीस दिसांत गुण. मी लगीच पोस्टातनं मागवलं."

शब्दन् शब्द बरोबर होता. ठेकासुद्धा शफीभाईंचाच होता. ते पान वाचताना गेनू समोरच बसला होता, मांडी घालून, घास हातात धरून. तो पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला गेला. आपण त्याचे दवाखान्याचे कागद वाचले आणि त्याच तोंडानं हेही वाचलं. दोन्हींची गाठ आपल्या डोक्यात कशी पडली नाही?

"गेनू, अरे ती जाहिरात होती. चूर्ण विकणाऱ्यानं पैसे देऊन छापून घेतलेली."

"जाहिरात भितीवर असती, शफीभाई. एस्टीच्या पाठीवर असती. पुस्तकात कशी असंल? आन् असली असती तर तुमी न्हाई का सांगितलं असतं?"

दुसऱ्या दिवशी शफीभाईंनी पुन्हा समजावलं, तिसऱ्या दिवशी हात जोडले. गेनू ऐकून घेई, पण मान हलवे. त्याच्या दृष्टीनं शफीभाई दोन होते. एक छापलेलं वाचणारे, ज्यांच्यावर शंका घ्यायची नाही. आणि दुसरे खिडकीतले, कायम काही ना काही होईल म्हणून घाबरलेले. दुसऱ्याचं काय ऐकायचं? मुलाण्यांना तर उघड्या घराच्याही कुलपाची काळजी, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. जन्मभर फुकटच्या काळज्या केल्याचं फळ शफीभाईंना आत्ता मिळत होतं. खरी काळजी आली आणि ती कुणी मनावर घेईना.

पुढच्या आठवड्यात गेनूचा बिल्ला खिळ्यावर आलाच नाही. एक दिवस, दोन, चार. पाचव्या दिवशी कुरुळीच्याच एका कामगारानं सांगितलं, "गेनू पडून हाय. खोकल्यात रगत आलं म्हनं. पर चूर्ण दुप्पट केलंय."

त्या संध्याकाळी शफीभाई घरी आले ते सरळ फळीपाशी गेले. डबे भराभर खाली उतरवले.

"क्या ढूँढ रहे?" ताजुन्निसानं विचारलं.

"ते करडं मासिक. कुठंय?"

"वो तो बरसात में भीग गया, चूल्हे में डाली मैं. पहले दो निवाले खा लो."

त्यांनी निवाले खाल्ले नाहीत. स्टेशनाबाहेर अन्वर स्टॉल आवरत होता. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तो घरच्यांशीही मराठीतच बोलत असे.

"करडं? ते कोण घेतंय! मी मागवायचंच सोडून दिलं. थांब, परत पाठवायचा गठ्ठा राहिलाय बहुतेक." फळीखालून सुतळी बांधलेला गठ्ठा काढत तो म्हणाला, "तुला एवढ्यात काय झालं? पहिलवान आवडत नाही का लोकांना?"

शफीभाईंनी सगळं सांगितलं. अन्वरनं सुतळी सोडायची थांबवली.

"तरी मला वाटलंच होतं. मासिक घ्यायचं तर आधी मागनं उघडायचं, शफी. मागच्या पानावर काय विकतंय ते बघायचं, मग पुढे काय सांगतंय ते वाचायचं. या करड्याच्या मागं बघ. काही नाही. म्हणून तर ते एवढं बारीक."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू म्हणालास, सगळ्यात जाड कुठलं."

शफीभाई तिथेच बाकावर बसून अंक चाळू लागले. माशी, पाणी उकळणे, बाळंतिणीचा आहार, कामगारांचे डोळे. सातव्या अंकात सापडलं. क्षयाविषयी प्रश्नोत्तरं. रोग्याचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं. बरं वाटू लागल्यावर औषध सोडावं का? चूर्ण, भस्म, काढे यांनी क्षय बरा होतो का? सगळं होतं, अगदी गेनूनंच विचारल्यासारखं. शफीभाईंना इतका आनंद झाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पुढच्या प्रश्नावर आले आणि तो आनंद तिथेच विरला. 'उपचार मध्येच सोडल्यास काय होते?' उत्तर होतं, 'अशा रोग्यास तीच औषधे पुन्हा लागू पडतीलच असे सांगता येत नाही. कित्येकदा पडत नाहीत. तरीही क्षणाचा विलंब न करता दवाखान्यात जावे.'

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते सायकलवर कुरुळीला निघाले. भोसरी मागे पडली, मोशी आली, इंद्रायणीचा पूल आला. सबंध वाटेत त्यांच्या डोक्यात त्या दोन ओळी फिरत होत्या. हे ऐकून गेनू काय म्हणेल? लागूच पडणार नसेल तर कशाला जायचं, असंच म्हणेल. कुणीही म्हणेल. चूर्णवाला एकवीस दिवसांत खात्री देतोय आणि हे भले डॉक्टर म्हणतायत सांगता येत नाही! पुलावर उतरून त्यांनी अंक पुन्हा उघडला, ओळी तिथेच होत्या. चिंबळी फाट्यापर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की त्या दोन ओळी वाचायच्या नाहीत. विलंब न करता जावे, एवढंच वाचायचं. एका माणसाच्या जिवापुढे साहेबरावांचा नियम कुठला?

गेनूची बायको कुशाबाई दारातच होती. त्यांना पाहून तिनं पदर सावरला. "या, शफीभाई. बगा तुमीच. माजं ऐकत न्हाईत."

गेनू भिंतीला टेकून बसला होता. सुया-गोळ्यांच्या सात महिन्यांत चढलेलं अंग आठ दिवसांत उतरलं होतं. उशाशी चूर्णाचा डबा, त्यावर हत्तीचं चित्र. शफीभाईंच्या हातातलं मासिक पाहून त्याचे डोळे जरा उजळले.

"नवं आनलंय व्हय?"

"तुझ्यासाठी आणलंय. वाचू?"

"वाचा की. कुशे, पानी दे त्यास्नी, आन् तूबी बस."

शफीभाईंनी घोटभर पाणी घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. वाचायला लागल्याबरोबर आवाज त्यांचा नेहमीचा झाला. बरं वाटू लागलं म्हणजे रोग गेला असं नाही. जंतू निजलेले असतात. गेनू ऐकत होता. चूर्ण, भस्म, काढे यांनी क्षय बरा झाल्याचा पुरावा नाही. गेनूनं एकदा डब्याकडे पाहिलं, पण मधे बोलला नाही. छापलेलं ऐकताना मधे बोलायचं नसतं. कुशाबाईनं तोंडाला पदर लावला होता. शफीभाई त्या प्रश्नावर आले.

"उपचार मध्येच सोडल्यास काय होते?" त्यांनी वाचलं. श्वास घेतला. "क्षणाचा विलंब न करता दवाखान्यात जावे."

आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

"थांबा," गेनू म्हणाला.

शफीभाई थांबले.

"मधी काय गाळलंत?"

"काही नाही."

"शफीभाई, सहा वर्सं मी तुमच्या म्होरं बसतोय. तुमी कुठं दम घेता ते मला म्हाईत हाय. इचारलं काय हुतं, आन् उत्तर आलं कुठं जावं. काय हुतं ते न्हाई आलं."

खोटं बोलावं तर ते बोलणं जमण्याइतकं धैर्य शफीभाईंच्यात नव्हतं. कुशाबाईकडे त्यांना बघवेना. शेवटी त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि त्या ओळी वाचल्या. लागू पडतीलच असे सांगता येत नाही. कित्येकदा पडत नाहीत. जन्मात पहिल्यांदा छापील अक्षरं वाचताना त्यांचा आवाज फुटला. शेवटचा शब्द तर त्यांना दोनदा वाचावा लागला.

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. कुशाबाई मुसमुसत होती.

"ह्ये ऐकून मी जायचा न्हाई असं वाटलं तुमाला," गेनू म्हणाला.

"हो."

"म्हनून गाळलंत."

"हो, गेनू. मी भ्यालो रे."

गेनूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत त्यानं भिंत धरून ठेवली. मग तो शांतपणे बोलू लागला, रागावल्याची खूणसुद्धा आवाजात नव्हती.

"त्या चूर्णाच्या वेळंला तुमचा आवाज असा अडला न्हाई, शफीभाई. सरळ गेला. आता अडला तसा तवा यकदा अडला असता, तर मला कळलं असतं."

क्षमा मागावी असं शफीभाईंना फार वाटलं, पण कुठल्या शब्दांत मागावी ते सुचेना. टूल स्टोअरच्या खिडकीत बसून बारा वर्षं त्यांनी ज्या ज्या गोष्टींची धास्ती घेतली होती, त्यांतली एकही घडली नव्हती, आणि जी घडली ती त्यांनी धास्ती न घेता, मोठ्या झोकात, पंचवीस माणसांसमोर केली होती.

गेनूनं बायकोकडे पाहिलं. "दवाखान्याचं कागूद काढ पेटीतनं. उद्या जायाचं."

कुशाबाई लगबगीनं उठली. तिनं पेटी उघडली, कागद काढले आणि सवयीनं ते शफीभाईंच्या हातात दिले. शफीभाईंनी ते गेनूपुढे केले. गेनूनं घेतले नाहीत.

"तुमच्यापाशीच ठिवा. उद्या सुट्टी टाका आन् बरुबर चला. डाक्टर काय लिवून देईल ते वाचाया माणूस लागंल."